अबोल नायकाचा जामीन कोण?

वसईच्या पट्ट्यात कामाला सुट्टी नसते. पहाटे फुले खुडायची, भाजीच्या जुड्या बांधायच्या, दादरची गाडी गाठायची आणि परत येऊन घर आहेच. तरीही आपल्या मुली-सुना वाचतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पूर्वी वाचनालयातून आणलेली एक कादंबरी चार घरे फिरून, पानांचे कोपरे दुमडून परत जायची. आता विरार गाडीत बसल्या बसल्या फोनवरच प्रेमकथेचा पुढचा भाग उघडतो. पुस्तकाचे रूप बदलले, पण त्यातला एक नायक काही बदलला नाही. म्हणून आज त्याच्याविषयी थोडे बोलू.

हा नायक आपल्या ओळखीचा आहे. उंच, देखणा, पैसेवाला आणि कपाळाला सदा आठी. नायिकेशी तो धड बोलत नाही. चारचौघांत तिला टोचून बोलतो, तिने 'नको' म्हटले तरी हात धरतो, ती दुसऱ्याशी हसली की चिडतो. तीनशे पाने ती रडते. शेवटच्या पानावर कळते, की त्याचे तिच्यावर पहिल्यापासून प्रेम होते. आपणही डोळे पुसतो आणि मागचे सारे विसरून जातो.

अशा गोष्टी वाचूच नयेत, असे मुळीच म्हणायचे नाही. दमलेल्या जिवाला घटकाभर करमणूक हवीच. फक्त एक प्रश्न मनाला विचारावा. त्याच्या पोटात प्रेम होते, हे आपल्याला कोणी सांगितले? लेखकाने. पुस्तकात लेखक हा त्या नायकाचा जामीन असतो. 'आता हा वाईट वागतो आहे, पण शेवटी सोने निघेल', अशी हमी तो देतो आणि पाळतो. प्रत्यक्षात कपाळाला आठी घातलेला माणूस समोर येतो, तेव्हा त्याला जामीन कोण? आणि संसाराला शेवटचे पान कुठे असते?

हे खूळ आजचे नाही. इंग्लंडात शार्लट ब्राँटी या लेखिकेची 'जेन एअर' ही कादंबरी १८४७ साली निघाली. तिच्यातला रॉचेस्टर, आपण दुसरीशीच लग्न करणार असे भासवून जेनला झुरवतो. आणि पहिली बायको माडीवर कोंडून ठेवलेली असताना जेनला बोहल्यावर उभी करतो. लंडनची मिल्स अँड बून ही प्रकाशनसंस्था १९०८ साली निघाली, आणि पुढे तिच्या कितीतरी प्रेमकथांत असाच कठोर नायक आला. आपल्याकडे शरद्बाबूंचा 'देवदास' १९१७ साली पुस्तकरूपाने आला. रात्री एकटी भेटायला आलेल्या पारोला स्वीकारण्याचे धैर्य त्याला होत नाही. मग तिचे लग्न दुसरीकडे ठरल्यावर तो तळ्याच्या घाटावर गळाच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो. त्या व्रणाला आपण प्रेमाची खूण समजत आलो. अहो, आपल्या लेकीच्या कपाळावर कोणी असा व्रण केला, तर आपण त्याला प्रेम म्हणू का?

आपल्या वडीलधाऱ्यांचे लक्ष मात्र भलतीकडेच असते. चंद्रकांत काकोडकर हे एका काळी वाचनालयांतून हातोहात जाणारे लेखक. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ साली न्यायालयाने ती कथा अश्लील नाही असा निर्णय देऊन लेखकाची शिक्षा रद्द केली. शृंगार किती हे मोजायला समाज कोर्टाची पायरी चढला. पण नायक नायिकेचा पाणउतारा करतो, तिचा नकार ऐकत नाही, म्हणून कोणी पुस्तक बाजूला ठेवल्याचे ऐकले आहे का? घरातही तसेच. मुलीच्या पुस्तकात चुंबन आहे का ते आपण बघतो. थप्पड आहे का ते बघत नाही.

सगळीच पुस्तके अशी नाहीत, हेही सांगायला हवे. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून येऊ लागली. तिच्यातला रघुनाथराव आपल्या यमूला लिहायला-वाचायला शिकवतो, तिच्याशी बसून बोलतो. उलट तिची मैत्रीण दुर्गी हिच्या वाट्याला आलेला नवरा तिचे हाल करतो. हरिभाऊंनी त्याला उगाच जामीन दिला नाही. छळाला छळच म्हटले. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त, १९५९ साली, राजाबरोबर देवयानी आणि शर्मिष्ठाही आपापली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगतात. बायकांची बाजू ऐकली, की राजाच्या प्रेमाचे मोल निराळेच ठरते.

रागीट नायकाचे नाव निघाले, की जेन ऑस्टिनच्या १८१३ सालच्या कादंबरीतल्या डार्सीचा दाखला हटकून दिला जातो. पण ती गोष्ट नीट वाचावी. घमेंडीने घातलेली त्याची पहिली मागणी एलिझाबेथ साफ नाकारते. तो तिला एक पत्र देतो आणि निघून जातो. तिचा पिच्छा पुरवत नाही. पुढे त्याच्या घरची जुनी कारभारीण तिला सांगते, की मालकाने लहानपणापासून आपल्याला कधी उलट शब्द बोललेला नाही. एलिझाबेथचे मन वळते ते अशा गोष्टींनी. त्याची आठी पाहून नव्हे.

आता कोणी म्हणेल, आमच्या घरचा माणूसही अबोलच आहे. असू द्या! अबोल असणे हा गुन्हा नाही. मळ्यात राबणाऱ्या माणसाला गोड बोलण्याची सवय नसते. पण बायको तापाने पडली तर तो न सांगता पाणी भरतो, पोराला कडेवर घेतो, औषध आणतो. पाटाचे पाणी बोलत नाही, पण वाफा भिजलेला दिसतो. वाफा कोरडाच राहिला, तर पाणी आतून वाहते आहे असे मानून कोणी शेतकरी स्वस्थ बसत नाही.

आणि ही चूक फक्त कादंबऱ्या वाचणाऱ्या मुलीच करतात असे नाही. स्थळ आणणारे पाहुणेही हाच डाव खेळतात. 'मुलगा जरा तापट आहे हो, पण मनाचा निर्मळ. लग्न झाले की सुधारेल.' हे वाक्य आपण किती मांडवांत ऐकले आहे! पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवले ते मोजतो. दुकानदाराच्या शब्दावर शेत सोडत नाही. मग लेक कशी सोडायची?

तेव्हा मुलगी प्रेमात असो की स्थळ पाहत असो, तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, 'नाही' म्हटल्यावर तो काय करतो? साध्या गोष्टीला नकार देऊन पाहावा. ऐकून घेतो, की रुसून, धमकावून आपलेच खरे करतो? दुसरी, हाताखालच्या माणसांशी तो कसा वागतो? गडी, मजूर, गाडीवरचा क्लीनर, घरातली धाकटी बहीण यांना विचारावे. ते खरे सांगतात. तिसरी, त्याच्या येण्याने तिच्या मैत्रिणी, शिक्षण, माहेरचे बोलणे वाढते की तुटते? फोन तपासणे, कुठे होतीस याचा हिशेब मागणे ही माया नव्हे, पहारा आहे.

हे मुलांनाही सांगायला हवे. नायिकेच्या मागे फिरले की ती शेवटी वळते, असे पुस्तकांनी आणि सिनेमांनी त्यांना शिकवले आहे. कायदा तसे मानत नाही. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही पुनःपुन्हा पाठलाग करणे, संपर्क साधणे किंवा ती फोनवर, इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा त्रास असेल तर ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करता येतो. आणि मुलगी घरी येऊन सांगेल, तेव्हा 'तूच काहीतरी केले असशील' हे वाक्य आयांनी आणि बापांनी तोंडातून काढू नये. त्या एका वाक्याने ती पुन्हा कधी सांगत नाही.

पुस्तके जरूर वाचा, लेकींच्या हातीही द्या. पुस्तक संपले की मायलेकींनी त्यावर बोलावे मात्र. 'हा नायक आपल्या घरी जावई म्हणून आला तर?' एवढे विचारले, की पुढचे मुली स्वतःच बोलू लागतात.