डोळ्यात थेंब, रक्तात सर्रा

कुत्र्याच्या डोळ्यात फूल पडले की काहीतरी लागले असेल म्हणून मेडिकलमधून थेंब आणले जातात. पुढे ताप चढतो-उतरतो, तोंड आणि पाय सुजतात, हिरड्या पांढऱ्या पडतात. मग गोचीडताप समजून डॉक्सीसायक्लिन सुरू होते आणि कुत्रा तरीही खंगत जातो. खंगणारच. गुरांवर घोंघावणाऱ्या गोमाशीने आणलेला सर्रा हा आजार असेल, तर त्याच्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या परजीवीला त्या गोळ्यांनी काहीही होत नाही. उपचाराविना कुत्रा काही आठवड्यांत दगावतो आणि रक्त कुणी तपासलेलेच नसते.

तपासणी तरी केवढी? कानाच्या कडेला टोचून काढलेला ताजा थेंब, काचपट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक. अंगात ताप असताना पाहिले तर तांबड्या पेशींना ढुसण्या देत वळवळणारा परजीवी तिथल्या तिथे दिसतो. 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने घोडे-उंटांच्या रक्तात तो असाच पाहिला होता. मात्र त्याची रक्तातली संख्या कमी-जास्त होत राहते. एक पट्टी कोरी निघाली म्हणजे कुत्रा सुटला असे नव्हे. पुन्हा ताप आल्यावर पुन्हा रक्त घ्यावे, शंका उरली तर पीसीआर चाचणी करावी.

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातल्या कडोदऱ्यात ही काळजी अधिकच हवी. एकीकडे महामार्ग आणि कापडगिरण्या, दुसरीकडे उसाचे मळे आणि म्हशींचे तबेले. चलथाण-बारडोलीच्या कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की डांग आणि खानदेशातून ऊसतोड कामगारांचे कोयते उतरतात. बैल येतात, पडावावर कुत्रीही येतात. गाय-म्हैस वरून धडधाकट दिसत असताना सर्रा बाळगून असू शकते. पावसाळ्यात आणि नंतर माजलेल्या गोमाश्या तिचे रक्त शेजारच्या कुत्र्यापर्यंत पोचवतात. उघड्यावर टाकलेल्या मेलेल्या जनावरावर कुत्री तुटून पडतात, तोही लागणीचा मार्ग आहे. आपल्याकडे या साखळीतला कुत्रा कुणाच्याच खिजगणतीत नाही.

त्यातून एक भलताच धोका उभा राहतो. आजार मेंदूपर्यंत गेला की कुत्रा झोकांड्या खातो, घसा सुजला की भुंकण्याचा आवाज घोगरा होतो आणि वस्ती त्याला पिसाळलेला ठरवून काठ्या उगारते. अर्थात, पिसाळण्याचा संशय घरबसल्या फेटाळण्याचा अधिकार कुणालाच नाही; असा कुत्रा चावला तर जखम साबणाने धुऊन रेबीजची लस घ्यायलाच हवी. पण संशय दोन आजारांचा असताना पशुवैद्याने एकावरच थांबणे हा आळस आहे.

औषधे आहेत: डायमिनाझिन, क्विनापायरामिन. मात्र गुरांसाठी आणलेली कुपी अंदाजाने कुत्र्याला टोचण्याचा प्रकार ताबडतोब बंद व्हावा. डायमिनाझिनचा डोस थोडा जास्त झाला तरी कुत्र्याच्या मेंदूला इजा होते. वजनकाट्यावर तोलल्याशिवाय सुई लावू नये. शिवाय योग्य डोसमध्ये हे औषध मेंदूत पुरेसे पोचत नाही, तिथे दडलेला परजीवी पुन्हा रक्तात उतरतो. त्यामुळे कुत्रा जेवायला लागला म्हणून उपचार संपत नाहीत, नंतरही रक्त बघावेच लागते.

माणसाला याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातले शिवनी आठवावे. 2004 मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला आणि सुरामिन हे औषध देऊन त्याला वाचवावे लागले. या परजीवीला मारणारे एपीओएल-1 हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हते, असे पुढे आढळले; इतरांना भय नाही, अशी समजूत त्यातून झाली. मग 2015 मध्ये व्हिएतनाममध्ये एका महिलेला लागण झाली आणि तिच्यात ते प्रथिन व्यवस्थित होते. लागण झालेली माणसे विरळाच, हे खरे; पण समजुतीला तडा गेला आहे.

नवसारीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय कडोदऱ्यापासून फार दूर नाही. 1962 क्रमांकावर गुजरातेत प्राण्यांसाठी रुग्णवाहिका धावते. पलसाणा तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी पशुदवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारा माणूस ऊसतोडीच्या हंगामाआधी हवा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी केली जाते तेव्हा ती बेशुद्धच असतात; त्याच वेळी प्रत्येकाच्या रक्ताची एक काचपट्टी करून नवसारीला धाडायला नगरपालिकेला फारसा खर्च येणार नाही. कोणत्या वस्तीत सर्रा किती पसरला आहे, याचा अंदाज एका हंगामात येईल.