ओसरी दिली, माजघर राखले

पॅरिसच्या शेअर बाजारात २०१५ पासून एका घराण्याची लढाई रंगली आहे. तलवारी, किल्ले आणि समुद्री चाचे हे या घराण्याच्या धंद्यातले रोजचे विषय, पण ते संगणकाच्या पडद्यावरचे. घरातल्या कॉलेजकुमाराला विचारा. ‘असॅसिन्स क्रीड’ आणि ‘फार क्राय’ ही नावे तो झोपेतही सांगेल. हे खेळ काढणारी युबिसॉफ्ट ही फ्रेंच कंपनी गियमो बंधूंची, असे सारे जग म्हणते. प्रत्यक्षात तिच्या भागभांडवलात या कुटुंबाचा वाटा पाचव्या हिश्शाहूनही कमी आहे. मग घर नक्की कोणाचे?

ब्रिटनी प्रांतातल्या कारांत्वार या लहानशा गावात गियमो दांपत्य शेतकऱ्यांना लागणारा माल विकत असे. त्यांचे पाच मुलगे. इंग्लंडमधून आणलेले संगणकीय खेळ फ्रान्समधल्या भावापेक्षा बरेच स्वस्त पडतात हे त्यांनी हेरले आणि टपालाने विक्री सुरू केली. त्यातून १९८६ मध्ये युबिसॉफ्ट उभी राहिली. पुढे १९९५ मध्ये ‘रेमन’ हा खेळ गाजला आणि १९९६ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. बाजारात उतरणे म्हणजे वाड्याचा दरवाजा हमरस्त्याकडे उघडणे. वाऱ्याबरोबर वाटसरूही आत येणारच. २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने जवळजवळ २० टक्के वाटा उचलला, तेव्हाच बंधूंच्या पोटात गोळा आला होता. तो वाटा २०१० मध्ये विकला गेला आणि ते संकट टळले.

खरा सामना झाला तो व्हँसाँ बोलोरे यांच्याशी. त्यांचे घराणेही ब्रिटनीचेच, म्हणजे एका अर्थी ही भाऊबंदकीच! त्यांच्या विवेंडी या बलाढ्य कंपनीने २०१५ च्या ऑक्टोबरात युबिसॉफ्टचे शेअर गोळा करायला सुरुवात केली. त्या वेळी गियमो कुटुंबाकडे भांडवलाचे दहा टक्केही नव्हते. पाच भावांपैकी मिशेल यांची गेमलॉफ्ट ही मोबाइलवरील खेळांची कंपनी विवेंडीने २०१६ मध्ये त्यांच्या विरोधाला न जुमानता गिळली. युबिसॉफ्टमधला वाटाही वाढत २७ टक्क्यांवर गेला. फ्रान्सच्या कायद्यानुसार ३० टक्क्यांची रेषा ओलांडली की उरलेल्या सर्व भागधारकांना खरेदीचा प्रस्ताव द्यावाच लागतो. विवेंडी त्या रेषेच्या अलीकडे दबा धरून बसली. शिवाय दोन वर्षे सांभाळलेल्या शेअरला दुप्पट मते मिळतात, म्हणजे नुसते बसून राहिले तरी बळ वाढणार होते.

अखेर मार्च २०१८ मध्ये विवेंडीने आपला सगळा वाटा ६६ युरो भावाने, एकूण २ अब्ज युरोंना विकला आणि सुमारे १.२ अब्जांचा नफा पदरात पाडून ती बाहेर पडली. ‘पराभूत’ पक्षाला असा पराभव नेहमी लाभो! तिच्या वाट्यातले काही शेअर खुद्द युबिसॉफ्टने परत घेतले, काही कॅनडातील ओंटारिओच्या शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीने घेतले आणि ५ टक्के घेतले चीनच्या टेन्सेन्टने.

या नव्या पाहुण्याची चाल वेगळी. तो दार ठोठावून, हसतमुखाने आला. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याने युबिसॉफ्टऐवजी गियमो कुटुंबाच्या घरच्या कंपनीतच ३० कोटी युरो गुंतवले. त्या बदल्यात त्याला आर्थिक वाटा मिळाला ४९.९ टक्के, मते मात्र फक्त ५ टक्के. या व्यवहारात युबिसॉफ्टच्या शेअरचा भाव ८० युरो धरला गेला. बाजारात तो त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. एवढा चढा भाव पाहून बाजाराने आनंदायला हवे होते. उलट शेअर गडगडला. कारण उघड होते: कुटुंबाचे आसन पक्के झाले म्हणजे आता कोणी चढ्या भावाने सगळी कंपनी घ्यायला येणार नाही. ८० युरोंचा भाव कुटुंबाला मिळाला. छोट्या भागधारकाने आपले कागद कवटाळून बसायचे.

त्यानंतर धंदाच घसरत गेला. वर्षानुवर्षे रखडलेला ‘स्कल अँड बोन्स’ २०२४ मध्ये आला, पण त्याने निराशाच केली. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ची विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली, ‘असॅसिन्स क्रीड’चा नवा भाग पुढे ढकलावा लागला. २०१८ मध्ये शंभर युरोंवर गेलेला शेअर दहाच्याही खाली आला. स्लोव्हाकियातल्या एका लहान गुंतवणूक संस्थेने जाहीर पत्र लिहून प्रमुख ईव्ह गियमो यांना बदलण्याची मागणी केली. या मालकीच्या पटावर खेळ घडवणाऱ्या कारागिरांना फारसे कोणी विचारत नाही. त्यांत आपलेही आहेत: गेमलॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ युबिसॉफ्टने २००८ मध्ये घेतला, २०१८ मध्ये मुंबईतही स्टुडिओ काढला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती घडवण्याचे मोठे काम या दोघांकडे आले. २०२२ मध्ये ते माँट्रियलला हलवण्यात आले.

मार्च २०२५ मध्ये युबिसॉफ्टने आपले तीन सर्वांत कमावते खेळ वेगळ्या उपकंपनीत घालण्याचे जाहीर केले. टेन्सेन्टने १.१६ अब्ज युरो मोजून तिचा चौथा हिस्सा घेण्याचे ठरवले. या उपकंपनीची किंमत धरली ४ अब्ज युरो; अख्ख्या युबिसॉफ्टची बाजारातली किंमत तेव्हा त्याच्या निम्म्याहूनही कमी होती! गणित विचित्र दिसते, पण त्याचा अर्थ सरळ आहे. ताटातली पुरणपोळी काढून घेतल्यावर उरलेल्या ताटाला बाजार शून्याहूनही कमी किंमत देत होता.

भटाला दिली ओसरी ही म्हण ब्रिटनीत नसेल, पण तिची धास्ती करारात दिसते. युबिसॉफ्टने उपकंपनीतील बहुमत सोडले नाही, तर टेन्सेन्टला पाच वर्षे आपला वाटा वाढवता येणार नाही. आणि युबिसॉफ्टने ते बहुमत दोन वर्षे तरी सोडायचे नाही. व्हँटेज स्टुडिओज असे नाव मिळालेल्या या उपकंपनीचे प्रमुख दोघे नेमले गेले. त्यांतले एक शार्ली गियमो, ईव्ह यांचे चिरंजीव.