चाचणी त्यांची, धोका कोणाचा?

३० जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या फ्लोरिडा किनाऱ्याजवळच्या समुद्रात ब्रिटनच्या 'एचएमएस व्हॅनगार्ड' या पाणबुडीतून ट्रायडेंट क्षेपणास्त्र सोडण्यात आले. ते हजारो किलोमीटर दूर जाणार होते. पण पाणबुडीजवळच समुद्रात कोसळले. खुद्द संरक्षणमंत्री तेव्हा पाणबुडीवर हजर होते. ब्रिटिश जनतेला मात्र ही बातमी तीन आठवड्यांनी, एका वृत्तपत्राने छापली तेव्हा कळली. सरकारचा खुलासा काय? तर हा दोष त्या एका प्रसंगापुरता होता, बाकी सर्व व्यवस्था चोख आहे!

याआधी जून २०१६ मध्येही ब्रिटनची अशीच चाचणी फसली होती. पुढच्याच महिन्यात, १८ जुलै २०१६ रोजी, अण्वस्त्रवाहू पाणबुड्या नव्याने बांधण्याचा ठराव तेथील संसदेने ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर केला. फसलेल्या चाचणीबद्दल खासदारांना एका शब्दानेही सांगण्यात आले नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये वृत्तपत्राने हे उघड केले. पंतप्रधान थेरेसा मे यांना दूरचित्रवाणीवर एकच प्रश्न चार वेळा विचारला गेला आणि चारही वेळा त्यांनी उत्तर टाळले. महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मिळवलेली संमती न्यायालयात टिकत नाही, हे वकिलीचा धंदा करणाऱ्या आम्हांला ठाऊक आहे. मग जे दोन माणसांच्या करारात चालत नाही, ते कोट्यवधी माणसांच्या जीवनमरणाच्या प्रश्नात कसे चालते?

अमेरिकेची गोष्ट वेगळी नाही. तिच्या जमिनीखालील विवरांत सुमारे ४०० 'मिनटमन-३' क्षेपणास्त्रे सज्ज असतात. ही जात १९७० साली सैन्यात दाखल झाली, तीही दहा वर्षे चालेल या हिशेबाने. अमेरिकेची अण्वस्त्र-आदेश यंत्रणा २०१९ पर्यंत आठ इंची फ्लॉपी डिस्कवर चालत होती! या क्षेपणास्त्रांतील घन इंधन काळानुसार खराब होते, विजेच्या तारा झिजतात, सुटे भाग बनविणारे कारखाने बंद पडतात. म्हणून अधूनमधून एखादे क्षेपणास्त्र बाहेर काढून, अणुबॉम्ब उतरवून, कॅलिफोर्नियातील व्हॅंडेनबर्ग तळावरून डागून पाहतात. ३१ जुलै २०१८ आणि १ नोव्हेंबर २०२३ रोजी डागलेली क्षेपणास्त्रे बिघाडामुळे पॅसिफिक महासागरावरच उडवून द्यावी लागली. त्यांच्या जागी येणाऱ्या 'सेंटिनल'चा खर्च २०२४ साली सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला आणि काम रखडले. त्यामुळे जुनीच क्षेपणास्त्रे २०५० पर्यंत चालवावी लागू शकतात, असे अमेरिकी लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२५ च्या अहवालात आले आहे.

कोणी म्हणेल, दोष शोधण्यासाठीच चाचणी असते, मग फसली तर बिघडले कुठे? मुद्दा बरोबर आहे. पण चाचणीत सापडलेला दोष लपवला, तर त्या चाचणीने जनतेची सुरक्षितता कशी वाढते? शिवाय चाचणीकडे शत्रू कोणत्या नजरेने पाहील, हाही धोका आहेच. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेहून उत्तर ध्रुवप्रकाशाच्या अभ्यासासाठी एक रॉकेट सोडले गेले. पूर्वसूचना दिलेली होती. ती रशियाच्या रडारवरील माणसांपर्यंत पोचलीच नाही. अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्र-आदेशाची पेटी उघडली गेली. एक कागद कुठेतरी अडकला, एवढ्यावरून जग कुठे जाऊन पोचले होते, याचा विचार करावा.

आता ही क्षेपणास्त्रे पडतात कुठे, ते पाहू. व्हॅंडेनबर्गपासून सुमारे ६,७०० किलोमीटरवर मार्शल बेटांतील क्वाजालिन हे प्रवाळद्वीप आहे. याच मार्शल बेटांत अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुस्फोट केले. नंतर १९६० च्या दशकात क्षेपणास्त्रांना रान मोकळे हवे म्हणून क्वाजालिनच्या मधल्या बेटांवरील रहिवाशांना उठवून एबाय या चिमुकल्या बेटावर कोंबले. अर्ध्या चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेत तेथे हजारो माणसे राहतात. सकाळी बोटीने अमेरिकी तळावर कामाला जायचे आणि काम संपले की परत फिरायचे. ही गावकुसाबाहेरची वस्ती नाही तर काय आहे?

याच छोट्या राष्ट्राने २४ एप्रिल २०१४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नऊ अण्वस्त्रधारी राष्ट्रांविरुद्ध दावे दाखल केले. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी करण्याचे कर्तव्य तुम्ही पाळत नाही, ही त्यांची तक्रार होती. न्यायालयाची सक्तीची अधिकारिता मान्य केलेली ब्रिटन, भारत आणि पाकिस्तान ही तीनच राष्ट्रे असल्याने खटले त्यांच्याविरुद्धच पुढे गेले. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी निकाल लागला. पक्षांमध्ये 'वाद'च अस्तित्वात नाही, सबब न्यायालयाला अधिकारिता नाही! ब्रिटनच्या खटल्यात मते ८-८ अशी समान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने दावा गेला. भारताच्या खटल्यात ९ विरुद्ध ७. ज्यांच्या अंगावर ६७ स्फोट झाले त्यांचा वाद नाही, तर मग कोणाचा?

या खटल्यात भारत प्रतिवादी होता, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानातील मियां चन्नू येथे पडले. त्यात अणुबॉम्ब नव्हता आणि प्राणहानी झाली नाही. भारताने जाहीर कबुली दिली ती ११ मार्चला. दोन्ही देशांत ३ ऑक्टोबर २००५ चा पूर्वसूचनेचा करार आहे, पण तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांपुरता. क्रूझ क्षेपणास्त्रे त्याच्या बाहेरच राहिली आहेत.

आम्ही कोणाचे लष्करी गुपित मागत नाही. चाचणी फसली की नाही, अवशेष कुठे पडले आणि कोणाचा जीव धोक्यात आला, एवढे ठराविक मुदतीत संसदेपुढे ठेवण्याचे बंधन प्रत्येक अण्वस्त्रधारी राष्ट्रावर असले पाहिजे. २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रे घेतली पाहिजेत, अपघाती सुटकेची सूचना तत्काळ देण्याचे कलम घातले पाहिजे. आणि ज्यांच्या समुद्रात हे लोखंड पडते, त्यांना नकार देण्याचा अधिकार मिळाला पाहिजे. जीव ज्याचा, त्याला विचारलेच पाहिजे!