फॉरमॅट मारण्याआधी एवढं करून बघा

कॉम्प्युटर सुरू करताना मध्येच निळा पडदा येतो. स्टार्टचा मेनू उघडत नाही. अमुक फाइल सापडत नाही, असा निरोप पुन्हा पुन्हा येतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मारून टाका." तुम्ही लगेच हो म्हणू नका.

विंडोजच्या फायली बिघडल्या तर त्या पुन्हा मिळतात. मुलीच्या बारशाचे फोटो, सोसायटीचा हिशोब, आजोबांनी टाइप करून ठेवलेल्या आठवणी पुन्हा मिळत नाहीत. म्हणून कॉम्प्युटर रडतखडत का होईना चालतोय, तोवर आपलं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये पडलेलंही घ्या, नेमकं तेच राहून जातं. उतरवल्यावर त्यातल्या चार-दोन फायली उघडून बघा.

आता दुरुस्ती. त्यासाठी पैसे लागत नाहीत. सोय विंडोजमध्येच आहे.

लॅपटॉप चार्जरला लावा आणि इंटरनेट चालू ठेवा. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत सीएमडी ही तीन अक्षरं टाइप करा. कमांड प्रॉम्प्ट दिसेल. त्यावर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. परवानगी विचारली तर 'येस' म्हणा. काळी विंडो उघडेल.

तिथे इंग्रजीत आधी डीआयएसएम लिहा. मग जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून ऑनलाइन. पुन्हा जागा, तिरकी रेघ, क्लीनअप-इमेज. पुन्हा जागा, तिरकी रेघ, रिस्टोअरहेल्थ, हा सलग एकच शब्द. एंटर दाबा. विंडोज चांगल्या फायलींचा साठा आपल्याजवळच ठेवतं. हा आदेश तो साठा तपासतो आणि त्यात खराब काही निघालं तर इंटरनेटवरून नवं आणतो. मध्येच टक्क्यांचा आकडा बराच वेळ हलत नाही. घाबरून विंडो बंद करू नका. चालू द्या.

ते संपलं की दुसरा आदेश: एसएफसी, जागा, तिरकी रेघ, स्कॅननाऊ. हा प्रत्येक महत्त्वाची फाइल तपासतो आणि बिघडलेली दिसली की साठ्यातली चांगली तिच्या जागी बसवतो. शेवटी बहुधा तीनपैकी एक उत्तर मिळेल. बिघाड सापडला नाही. सापडला आणि दुरुस्त झाला. किंवा सापडला, पण काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत. तिसरं उत्तर आलं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करून दोन्ही आदेश पुन्हा चालवा.

दुरुस्ती झाली आणि काही दिवसांत पुन्हा तेच सुरू झालं, तर दोष डिस्कचा असू शकतो. डिस्क टकटक वाजत असेल तर आणखी प्रयोग करू नका. डिस्क बदलून घ्या.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा अडखळल्यावर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' करून बघा. तिथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कच्या कुलपाची, 48 अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच शोधून वहीत उतरवून ठेवा. त्याच पडद्यावरून 'रीसेट' करायची वेळ आली, तर 'कीप माय फाइल्स' निवडा. फायली राहतात, पण तुम्ही बसवलेले प्रोग्रॅम आणि मराठी फॉन्ट जातात. ते पुन्हा टाकावे लागतील.

एका गोष्टीला मात्र अजिबात बळी पडू नका. "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा," असा पडदा आला तर फोन करू नका. ते चोर असतात. समोरचा एखादं अ‍ॅप टाकायला सांगतो, तुमच्या पडद्याचा ताबा घेतो आणि बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी 1930 वर तक्रार करा आणि बँकेला कळवा. फुकट 'रिपेअर टूल' म्हणून मिळणारे प्रोग्रॅमही उतरवू नका.

घरी जमलं नाही तर खुशाल दुकानात न्या. त्यात कमीपणा नाही. फक्त पावतीवर लिहून घ्या: 'विचारल्याशिवाय डेटा पुसायचा नाही.'