मणक्यातला स्क्रू आणि कॅमेऱ्याचा डोळा : स्क्रीनवर किती विसंबायचं?

मणक्यात स्क्रू बसवायला जागा असते तरी किती? पाठीच्या मधल्या भागातल्या काही मणक्यांत स्क्रू ज्या हाडाच्या दांड्यातून जातो, तो पेडिकल जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर रुंद असतो. आतल्या बाजूला मज्जारज्जू, खालून नस. स्क्रू किती चुकला हे ठरवणारी गर्ट्झबाइन-रॉबिन्स श्रेणी १९९० ची. तिच्यात २ मिलिमीटरच्या आतली चूक सहसा खपवून घेतली जाते. त्यापुढे काळजीचं काम.

म्हणून नेव्हिगेशन आलं. रुग्णाचा सीटी स्कॅन हा नकाशा. मणक्याला चिमट्याने घट्ट बसवलेली चौकट आणि अवजारांवरचे चमकणारे गोळे इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो आणि अवजाराचं टोक हाडात कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. गाडीतल्या जीपीएससारखंच, पण इथे रस्ताच हलतो! श्वासाबरोबर पाठ वर-खाली होते, ड्रिलच्या दाबाने मणका सरकतो. चौकटीला कुणाचा कोपर लागला, तर नकाशा आणि हाड यांची जुळणीच बिघडते. स्क्रीनवरचं चित्र मात्र तितकंच नीटनेटकं दिसत राहतं. खरा धोका हा आहे.

कॉम्प्युटर व्हिजनचा उपयोग इथे होतो. टोरांटोच्या सेव्हन-डी सर्जिकल कंपनीच्या यंत्रणेला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी २०१७ मध्ये मिळाली. तिचे कॅमेरे ऑपरेशनच्या दिव्यासोबतच बसवलेले असतात. उघड्या हाडावर प्रकाशाची नक्षी टाकून ते त्याचा त्रिमितीय आकार टिपतात आणि काही सेकंदांत सीटी स्कॅनशी जुळवतात. चेहरा पाहून फोन अनलॉक होतो, त्याच जातीची ही युक्ती. शंका आली की पुन्हा जुळवा; त्यासाठी नव्याने क्ष-किरण नकोत.

पण कॅमेऱ्याला हाड दिसायला हवं. रक्त साचलं, स्नायू नीट बाजूला झाले नाहीत, की जुळणी कच्ची राहते. छोट्या छेदातून होणाऱ्या ऑपरेशनमध्ये तर हाड उघडं नसतंच. तिथे पुन्हा क्ष-किरणांचाच आधार. जाहिरातींत हा तपशील सहसा नसतो.

त्यामुळे ‘तुमच्याकडे रोबोट आहे का?’ या प्रश्नापेक्षा रुग्णाने ‘ऑपरेशन चालू असताना जुळणी किती वेळा तपासता?’ असं विचारलेलं बरं. तपासणी साधी आहे. सर्जन हाडाच्या ओळखीच्या टोकाला अवजार टेकवतो आणि स्क्रीनही तेच टोक दाखवते का, ते पाहतो. प्रत्येक स्क्रूआधी हे सक्तीचं असायला हवं. वेळ लागतो तो काही सेकंदांचा.