कुक यांचा ग्रंथ जिथे थांबतो, तिथून आमचा माळ सुरू होतो

१/ आजच्या धाग्याचा आरंभ एका कोड्याने करू. १९०८ मध्ये पूर्ण झालेल्या एका वनस्पतिग्रंथात सिंधमधील झुडपांची नोंद आहे, कारवारकडील अरण्यांचीही आहे. परंतु या दोहोंच्या तुलनेत पुण्याला कितीतरी जवळ असलेले आमचे मुरुड (लातूरचे, रायगडचे नव्हे) त्या ग्रंथाच्या कक्षेतच नाही. असे का झाले? याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात नाही, राजकीय नकाशात आहे.

२/ हा ग्रंथ म्हणजे थिओडोर कुक यांचा 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे'. कुक मूळचे अभियंते. रेल्वेच्या कामासाठी ते भारतात आले आणि पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य झाले. निवृत्तीनंतर त्यांनी हा ग्रंथ सिद्ध केला आणि १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने प्रकाशित झाला. पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासकांचा तो आजही आधारग्रंथ आहे. त्याची मर्यादा मात्र शीर्षकातच आहे : मुंबई इलाखा. सिंध तेव्हा इलाख्यात होता, म्हणून तो ग्रंथात आला. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो बाहेर राहिला.

३/ सीमा कुठे होती? बार्शी ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात. तिच्या पूर्वेकडील येडशी, मुरुड, लातूर ही गावे निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळवाट लातूरपर्यंत पोहोचली. लातूरच्या बाजारपेठेतला माल ही सीमा रोज ओलांडू लागला. मेंढरांच्या लोकरीला चिकटून कुसळीचे बी तर त्याआधीही शतकानुशतके ती ओलांडत होते. वनस्पतींच्या नोंदवहीला मात्र ती ओलांडता आली नाही.

४/ निजामाच्या राज्यात नोंदी झाल्याच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ई. ए. पार्ट्रिज यांचा निजामाच्या मुलखावरील 'फॉरेस्ट फ्लोरा' १९११ चाच. पण त्याचेही शीर्षक लक्षपूर्वक वाचा. तो वनांचा ग्रंथ आहे. वनखात्याची दृष्टी स्वाभाविकपणे इमारती लाकडाकडे, इंधनाकडे आणि वनोत्पन्नाकडे असते. ज्या प्रदेशाची खरी संपत्ती मारवेल, पवना आणि कुसळी ही गवते, त्या प्रदेशाच्या वाट्याला अशा दृष्टीतून फार थोडे येते.

५/ पक्ष्यांच्या बाबतीत १९३१ उजाडावे लागले. बर्लिनहून प्रशिक्षण घेऊन परतलेले, पण हाती नोकरी नसलेले सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानाचे पक्षी सर्वेक्षण केले. त्यांच्या पुढील प्रादेशिक सर्वेक्षणांच्या मालिकेचा हा आरंभ. त्याचा वृत्तांत ह्यू व्हिस्लर यांच्या टिपणांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९३३-३४ मध्ये क्रमशः आला. या सोसायटीची स्थापना १८८३ ची. म्हणजे मुंबईत निसर्गाभ्यासाची संस्था उभी राहिल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने संस्थानाच्या पक्ष्यांची अशी पद्धतशीर पाहणी झाली.

६/ आणि गवतांचे काय? त्यांच्यासाठी १९७९ पर्यंत थांबावे लागले. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ उस्मानाबाद' त्या वर्षी प्रसिद्ध झाला. लातूर जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे १९७९ च्या उस्मानाबाद जिल्ह्यात मुरुडही येते. १९९८ मध्ये त्यांचाच 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' दोन खंडांत आला. कुक यांच्या अखेरच्या भागापासून नाईक यांच्या पहिल्या ग्रंथापर्यंत ७१ वर्षे जातात. ही दरी भरून निघण्यासाठी आधी १९४८ चा मुक्तिसंग्राम यशस्वी व्हावा लागला आणि १९५८ मध्ये आपले विद्यापीठ उभे राहावे लागले. आपण मुक्तिसंग्रामाचा इतिहास सत्याग्रह, रझाकार आणि पोलीस कारवाई यांच्या भाषेत सांगतो, ते योग्यच आहे. पण आपल्या मातीतल्या गवताला ग्रंथात स्थान मिळणे हेही त्या स्वातंत्र्याचे फळ आहे, असे मी मानतो.

७/ 'नोंद नव्हती, म्हणून बिघडले काय? गवत तर उगवतच होते,' असा प्रश्न येईल. बिघडते ते असे. १९७९ मध्येच माळढोक अभयारण्य घोषित झाले. सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत ते ८,००० चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर पसरले होते. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत आकसले. नान्नजला माळढोक दिसत होते, म्हणून अभयारण्य तिथे झाले, हे खरेच. पण ते दिसत होते याचा अर्थ कुणीतरी पाहत होते आणि लिहीत होते. सीमेपलीकडे येडशीच्या रामलिंग घाटाला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो १९९७ मध्ये, आणि तोही प्रामुख्याने झाडीच्या डोंगराला. उघड्या माळाला नाही. संरक्षण नोंदीच्या मागोमाग चालते. जिथे नोंद नाही, तिथे संरक्षण मागायचे तरी कशाच्या आधारावर?

८/ नोंद नसली की तिची जागा रिकामी राहत नाही. तिथे दुसरा शब्द येऊन बसतो. आमच्या माळाच्या बाबतीत तो शब्द 'पडीक'. हा महसुली शब्द आहे. ज्या जमिनीवर पीक नाही आणि म्हणून सारा नाही, ती पडीक. स्वतंत्र भारतातही ही दृष्टी टिकली. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात झुडपी माळांचा समावेश होतो. वनसर्वेक्षण झाडांच्या छत्राखालील जमीन मोजते, आणि त्या मोजमापाने लातूर जिल्ह्याचे वनाच्छादन एक टक्क्याच्याही आत भरते. हा आकडा खोटा नाही. पण तो झाडांचा आकडा आहे, निसर्गाचा नव्हे. लांडगा, खोकड, काळवीट, धाविक आणि चंडोल यांना त्या आकड्यात जागाच नाही. मग 'इथे काहीच नाही' असे गृहीत धरून गायरानावर खड्डे खोदून गिरिपुष्प लावले जाते आणि त्याला निसर्गसंवर्धन म्हटले जाते.

९/ यावर एक गंभीर आक्षेप आहे : माळ म्हणजे तुटलेल्या अरण्याचा अवशेष, तेव्हा तिथे झाडे लावण्यात चूक काय? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढे यायला हवे. दिग्विजय पाटील आणि आशिष नेर्लेकर यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात मध्ययुगीन मराठी साहित्य आणि मौखिक परंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासले. पश्चिम महाराष्ट्रातील गवताळ माळ किमान सातशे-साडेसातशे वर्षे जुने आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. प्रत्येक माळ प्राचीन आहे, असा याचा अर्थ नाही. पण प्रत्येक माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, हे गृहीतक आता विनापुरावा चालणार नाही.

१०/ ही पद्धत मराठवाड्याला लावून पाहा. लीळाचरित्रातील कितीतरी प्रसंग गोदाकाठी घडतात. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, गोरोबाकाका तर शेजारच्या तेरचे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'च्या ग्रीक लेखकाने त्याचा उल्लेख केला आहे. दक्षिणापथाचे वर्णन करताना तो निर्जन प्रदेश आणि उंच डोंगर सांगतो, तसेच वाघ, बिबटे, हत्ती आणि तरसही सांगतो. व्यापाऱ्याची ही यादी म्हणजे सर्वेक्षण नव्हे. पण ती पुरावा म्हणून तपासण्याजोगी निश्चित आहे. आपण या साधनांत राजे, तारखा आणि नाणी शोधतो. बोर, हिवर आणि तरस शोधत नाही.

११/ दुसरा आक्षेप मला अधिक मोलाचा वाटतो : ही निसर्गनोंद तर वसाहतवादी ज्ञान, त्यात आपले नाव नाही याची खंत कशाला? यात तथ्य आहे. फासेपारध्याला तित्तिराची हाक कुणाही संग्राहकाहून अधिक कळत होती. धनगराला कोणते गवत केव्हा दुधावर येते हे ठाऊक होते. पारध्यांच्या वाट्याला मात्र आले ते 'गुन्हेगार जमाती'चे लेबल. परंतु या अन्यायावरचा उपाय नोंद टाळणे हा नाही. नोंद आपल्या भाषेत आणि सांगणाऱ्याच्या नावासह करणे, हा आहे. नाईक यांचे ग्रंथ इंग्रजीत आहेत. त्यांतील प्रत्येक गवताला मराठवाड्याच्या कुठल्यातरी वाडीत नाव असेल. ते नाव सांगणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे.

१२/ म्हणून इतिहासप्रेमींना विनंती. या पावसाळ्याच्या अखेरीस, गवत फुलोऱ्यावर असताना, आपल्या गावच्या गायरानावर एखाद्या जाणत्या माणसाबरोबर जा. वहीत चार रकाने आखा : दिनांक, जागा, गवताचे किंवा पक्ष्याचे गावातले नाव, आणि ते कुणी सांगितले. सांगणाऱ्याची संमती घ्या. एवढे केले तरी तो एक दस्तऐवज होतो, मोडीतील एखाद्या कागदाइतकाच अस्सल. उद्या त्या गायरानावर कुणी 'पडीक' असा शिक्का मारायला आला, तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे किमान एक वही असेल.