दुकाने अनेक, गल्ला मोजक्यांचा

हॉटेलातील खोली आरक्षित करू पाहणाऱ्या पर्यटकापुढे आज पर्यायांची रांग उभी असते. एका ॲपवर दर पाहावा, दुसऱ्यावर तो ताडून घ्यावा आणि तिसऱ्यावर पैसे भरावेत, असा अनेकांचा रिवाज. त्यामुळे ही बाजारपेठ विखुरलेली असून तिच्यावर कोणा एकाची सत्ता नाही, असे वाटणे साहजिक आहे. मात्र पाट्यांमागची मालकी तपासली की हा समज टिकत नाही. बुकिंग डॉट कॉम, अगोदा, प्राइसलाइन आणि कायाक ही चारही नावे बुकिंग होल्डिंग्ज या एकाच समूहाची. हॉटेल्स डॉट कॉम आणि व्हर्बो ही एक्सपीडियाची. भारतातील मेकमायट्रिप आणि गोआयबिबो हे एकेकाळचे प्रतिस्पर्धी २०१७ पासून एकाच छत्राखाली आहेत.

खरे वैविध्य आढळते ते विशिष्ट गरजेपुरत्या चालणाऱ्या छोट्या मंचांत. हॉस्टेलवर्ल्डने पाठीवर पिशवी टाकून हिंडणाऱ्या तरुणांकडे लक्ष दिले. स्टेव्हिस्टा आणि सॅफ्रनस्टेज यांनी कुटुंबांना वा मित्रमंडळींना अख्खा बंगला भाड्याने देण्याचा मार्ग धरला. हजारो खोल्यांच्या यादीत तळाशी जाणारे एखादे जुने कौलारू घर अशा निवडक ठिकाणी नजरेस पडते, हा त्यांचा मोठा गुण होय.

अडचण आहे ती ग्राहकापर्यंत पोहोचण्याची. पर्यटकाचा शोध बहुधा गूगलवर किंवा एखाद्या मोठ्या ॲपवर सुरू होतो. तेथील वरच्या जागेसाठी बोली लागते आणि त्या बोलीत मोठ्या समूहांची थैली जड ठरते. वर्षातून एकदा सहलीला निघणारा ग्राहक छोट्या मंचाचे नाव लक्षात ठेवीलच, याची शाश्वती नसते. अशा वेळी छोट्याच्या हाती एकच शस्त्र उरते, ते म्हणजे कमी दलाली आणि त्यामुळे शक्य होणारा कमी दर.

समजा, एका खोलीचा दर ३,००० रुपये आहे. मोठ्या मंचाने २० टक्के दलाली कापल्यास मालकाच्या हाती २,४०० रुपये पडतील. १० टक्के दलाली घेणाऱ्या छोट्या मंचावर तीच खोली २,८०० रुपयांना दिली, तरी त्याला २,५२० रुपये मिळतील. पर्यटकाचे २०० रुपये वाचतील, मालकाला १२० रुपये अधिक मिळतील. परंतु इतरत्र कमी दर लावू नये, अशी दरसमानतेची अट करारात असेल, तर हा व्यवहार होऊच शकत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये नेमके याच अटीवर बोट ठेवले. मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, हॉटेलांशी झालेल्या करारांतून दर आणि खोल्यांच्या उपलब्धतेविषयीच्या समानतेच्या अटी वगळण्याचा आदेश मेकमायट्रिप-गोआयबिबोला देण्यात आला. ओयोशी झालेल्या व्यवस्थेमुळे फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो यांना मंचावरून दूर व्हावे लागल्याचाही आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी या आदेशाविरुद्ध अपिलाचा मार्ग धरला. युरोपीय संघाने मे २०२४ मध्ये बुकिंग डॉट कॉमला ‘द्वारपाल’ ठरवले. अशा द्वारपालांना दरसमानतेची अट घालण्यास तेथील डिजिटल बाजारपेठ कायद्याने मनाई आहे.

गोव्याच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. किनाऱ्यावरची गर्दी सत्तरी, सांगे, काणकोणच्या अंतर्भागाकडे वळवावी आणि तेथील कुटुंबांना घरगुती निवासातून उत्पन्न मिळावे, असे धोरण सरकार सांगत आले आहे. परंतु पावसाळ्यात निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या तरी दर स्वतः ठरवता येत नसेल, तर चार खोल्यांच्या मालकाला त्या धोरणाचा लाभ कितीसा? पर्यटन व्यवसाय नोंदणीचा १९८२ चा कायदा राज्यात आहे. त्याखालील नोंदणीकृत घरांची तालुकावार यादी थेट संपर्कासह पर्यटकाला सहज सापडावी, एवढी व्यवस्था राज्याच्या आवाक्यातील आहे. दलालीचे करार सोप्या भाषेत समजावून देणारा सल्लाही पर्यटन खात्याला देता येईल. नवे मंच निघतील आणि बंदही पडतील. आपल्या खोलीचा दर ठरवण्याचा अधिकार मात्र घरमालकाकडेच राहिला पाहिजे.